रुंद पडदा की स्वच्छ अक्षर?

मनुष्याला डोळे दोन असले, तरी तो एका वेळी ओळ एकच वाचतो. मग संगणकापुढे दोन दोन पडदे कशाला हवेत? आमच्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेसाठी नवे मॉनिटर घ्यावयाचे ठरल्यापासून हा प्रश्न मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकला आहे. "तुम्हा मराठीवाल्यांना काय शेअरबाजार चालवायचा आहे?" असेही एका मित्राने विचारले. थट्टेचा भाग सोडून दिला, तरी प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. कारण पैसा जाणार आहे तो तुमच्या-माझ्या शुल्कातून, आणि एकदा टेबलावर आलेला मॉनिटर पुढची सात-आठ वर्षे तेथून हलत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

सध्या दोन सूचना चर्चेत आहेत. पहिली अशी, की अभ्यासिकेच्या दर्शनी भागात ३४ इंची, वक्र पडद्याचे थोडेसे मॉनिटर मांडावेत. येणाऱ्या पाहुण्यांवर छाप पडेल. दुसरी अशी, की प्रत्येक संगणकाला २७ इंची दोन मॉनिटर द्यावेत, मात्र त्यांतले सर्वांत स्वस्त निवडावेत, कारण 'मोठे ते मोठेच'. मला या दोन्ही सूचना मान्य नाहीत. माझे म्हणणे असे, की कलाशाखेच्या विद्यार्थ्याला दोन पडदे खरोखरच हवेत, पण ते निवडताना इंच मोजण्याआधी त्यांवरचे देवनागरी अक्षर वाचून पाहावयास हवे. हे मत का, ते क्रमाने सांगते.

प्रथम दोन पडद्यांची गरज. आपल्या अभ्यासाचा फार मोठा भाग एक मजकूर दुसऱ्याशेजारी ठेवून पाहण्याचा असतो. मोडी शिकणारी मैत्रीण जुन्या कागदाचे छायाचित्र एकीकडे ठेवते आणि दुसरीकडे देवनागरीत लिप्यंतर करते. भाषांतर करणाऱ्याला मूळ इंग्रजी उतारा, आपला मसुदा आणि कोश अशा तिन्हींकडे पाहावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन बखरींत एकाच प्रसंगाचे वर्णन ताडून पाहावयाचे असते. एकाच पडद्यावर हे काम करताना एक खिडकी झाकावी, दुसरी उघडावी, आणि मघाशी वाचलेला शब्द तेवढ्यात विसरावा, असा खेळ दिवसभर चालतो. मोडीच्या ओळीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. तेथे नजर एकदा ओळीवरून निसटली, की पुन्हा पहिल्यापासून अक्षर लावावे लागते.

ही गरज काही संगणकाने निर्माण केलेली नाही. आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने १५८८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या यंत्रांच्या ग्रंथात एका फिरत्या चाकाचे चित्र आहे. पाणचक्कीसारखे मोठे चाक, त्यावर उघडी मांडलेली पुस्तके, आणि वाचकाने बसल्या जागी ते फिरवीत हवे ते पुस्तक समोर आणावे, अशी ती कल्पना. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. निरनिराळ्या प्रांतांतील आणि लिप्यांतील हस्तलिखिते ताडून श्लोकाश्लोकाचे पाठभेद नोंदणे, हा त्या कामाचा पाया होता. पडद्यांचाच विचार करावयाचा, तर व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ साली 'अटलांटिक मंथली' मासिकात 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक टेबलाचे वर्णन केले होते. त्या टेबलावर तिरपे पडदे बसविलेले होते, आणि ज्या दोन मजकुरांचा संबंध जोडावयाचा ते शेजारी शेजारी दिसावेत, अशी योजना होती. घराघरांत संगणक येण्यापूर्वी कितीतरी वर्षे अभ्यासकाच्या टेबलाचा विचार दोन मजकुरांनी झाला होता, हे त्यातून दिसते. तेव्हा दोन पडदे मागणारा विद्यार्थी चैन मागत नाही.

मग दोनच का, तीन का नकोत? दोन मजकूर ताडताना मान थोडी वळवावी लागते. तीन पडद्यांत ती दोन्ही बाजूंना वळत राहते आणि कडेचा पडदा हळूहळू फक्त व्हॉट्सॲपच्या कामी येतो. शिवाय प्रत्येक संगणकाला तीन पडदे चालतातच असे नाही. मागच्या बाजूला सॉकेटे किती आहेत आणि त्यांपैकी एका वेळी किती चालतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीपूर्वी अभ्यासिकेतील प्रत्येक संगणकाच्या मागे डोकावून ही नोंद करणे, हे काम एका दुपारी होण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मॉनिटरचा आकार कर्णाच्या इंचांत सांगतात, पण अक्षर किती स्वच्छ दिसेल हे इंचावर ठरत नाही. पडद्यावर बिंदू किती आहेत आणि ते किती जागेत पसरले आहेत, यावर ते ठरते. 'फुल एचडी' म्हणविणाऱ्या पडद्यावर १९२० × १०८० बिंदू असतात, मग तो २४ इंची असो की २७ इंची. त्यामुळे २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ बिंदू बसतात, तर २७ इंची पडद्यावर जेमतेम ८२. मोठा पडदा घेऊन आपण मजकूर वाढवीत नाही, तेच बिंदू ताणतो. पोळी मोठी लाटली म्हणून कणीक वाढत नाही, तसेच हे आहे. याउलट २५६० × १४४० बिंदूंचा पडदा २७ इंची असेल तर इंचाला सुमारे १०९ बिंदू मिळतात, आणि २४ इंची असेल तर सुमारे १२२. 'फोर-के' म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंच्या २७ इंची पडद्यावर ही संख्या सुमारे १६३ होते.

रोमन लिपी वाचणाऱ्याला यातला फरक कदाचित सोसेल. देवनागरी वाचणाऱ्याला तो सोसत नाही. बारा पॉइंटाचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग. ताणलेल्या २७ इंची पडद्यावर त्या उंचीला अवघे १४ बिंदू येतात. त्यातच वरची वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसवावयाचे, मध्ये अक्षराचे अंग आणि खाली उकार. 'मूर्तींचे' हा साधा शब्द घ्या. पहिल्या अक्षराखाली दीर्घ उकार आहे, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी आहे. चौदा बिंदूंत हे सगळे मिळून एक काळा ठिपका होतो. 'त्याचे' आणि 'त्यांचे' यांत फरक आहे तो एका टिंबाचा, पण त्या टिंबाने एकाचे अनेक होतात किंवा अरेतुरेचा आदर होतो. 'द्ध' आणि 'ध्द' यांतली चूक मुद्रितशोधकाला दिसली नाही, तर ती छापली जाते. आपल्याच वार्षिकांकाची मुद्रिते तपासताना संपादक मंडळातील सर्वांनी पडद्याला नाक लावून बसलेले एकमेकांना पाहिले आहे. तेव्हा माझी पहिली पसंती २४ इंची, २५६० × १४४० बिंदूंच्या पडद्याला. या आकारात ही बिंदुसंख्या सगळीकडे मिळत नाही. न मिळाल्यास तेवढ्याच बिंदूंचा २७ इंची घ्यावा. पैसे अगदीच कमी पडले, तर २४ इंची फुल एचडी चालेल. २७ इंची फुल एचडी मात्र वाचण्याच्या कामासाठी घेऊ नये.

फोर-के का नको, असे कोणी विचारील. नको असे नाही, अक्षर त्यावरच सर्वांत सुरेख दिसते. पण त्याला जोड चांगली लागते. जुन्या प्रकारच्या एचडीएमआय सॉकेटमधून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, आणि मग माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो. आपले संगणक तेवढे नवे असतील, तर जरूर घ्यावा.

जागेचा हिशोबही मी फूटपट्टी घेऊन केला आहे. आपली टेबले चार फुटी, म्हणजे १२२ सेंटिमीटर रुंद आहेत. २७ इंची एक पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. असे दोन शेजारी ठेवले, की टेबल संपले. वही, पुस्तक, पाण्याची बाटली कोठे ठेवावयाची? २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर आहे, म्हणजे या पडद्यावर छापील पान जवळजवळ मूळ आकारात दिसते, आणि अशी दोन पाने शेजारी शेजारी मावतात.

त्यातही एक पडदा आडवा आणि एक उभा ठेवावा, असे मला सुचवावेसे वाटते. सिनेमा आडवा असतो, पुस्तकाचे पान उभे असते. बाजारातले बहुतेक पडदे सिनेमाच्या मापाचे आहेत. १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा ६०६ बिंदू रुंद आणि ८०८ बिंदू उंच, म्हणजे चक्क पानासारखा उभा होता. कागदावर काम करणाऱ्या माणसांसाठी तो बनविला होता, हे त्याचे कारण. आज उभा पडदा वेगळा विकत घ्यावा लागत नाही. ज्याचा स्टँड वरखाली होतो आणि पडदा काटकोनात फिरू देतो, असा मॉनिटर घेतला की झाले. एक २४ इंची आडवा आणि एक उभा मिळून सुमारे ८३ सेंटिमीटर जागा लागते. उरलेल्या जागेत जाडजूड कोशसुद्धा उघडा ठेवता येतो. उभ्या पडद्यावर मूळ मजकूर, आडव्यावर आपले लेखन, अशी ही मांडणी आहे.

मात्र उभा करावयाचा पडदा कोणत्या जातीचा आहे, हे विचारून घ्यावे. स्वस्त मॉनिटरांत कधी कधी 'टीएन' जातीचा पडदा असतो. तो समोरून ठीक दिसतो, पण बाजूने पाहिला की रंग उडतात. उभा केल्यावर तर डाव्या आणि उजव्या डोळ्याला पांढरा रंग निरनिराळा दिसतो. 'व्हीए' जातीत काळा रंग गडद असतो, सिनेमाला तो छान. आपल्या कामाला 'आयपीएस' बरा, कारण तो कोणत्याही बाजूने जवळजवळ सारखाच दिसतो आणि दोघांनी मिळून एक कागद वाचताना भांडण होत नाही. आणखी एक बारकावा असा, की पडद्याचा प्रत्येक बिंदू लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन बारीक पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या डावीकडून उजवीकडे शेजारी शेजारी आहेत असे धरून विंडोजमधली 'क्लिअरटाइप' ही युक्ती अक्षरांच्या कडा गुळगुळीत करते. पडदा उभा केला की पट्ट्या एकाखाली एक येतात आणि युक्ती नीट साधत नाही. बिंदू दाट असतील तर हा दोष फारसा जाणवत नाही. दाट बिंदूंचा आग्रह मी धरते, त्याचे हे दुसरे कारण.

दोन्ही पडदे एकाच जातीचे, एकाच आकाराचे आणि शक्य तर एकाच मॉडेलचे असावेत. जुना एक आहेच, नवा एक आणू, हा विचार काटकसरीचा वाटतो. पण दोन्हींची बिंदूंची दाटी निराळी असली, की एका पडद्यावरून दुसऱ्यावर खिडकी सरकवताच अक्षर लहानमोठे होते. एकाचा पांढरा पिवळट, दुसऱ्याचा निळसर, आणि नजर प्रत्येक वेळी जुळवून घेत राहते. बैलजोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, तर नांगराचे काय होते, हे खेड्यातून आलेल्या मित्रांना सांगावयास नको.

वक्र आणि रुंद पडद्याविषयी माझ्या मनात आकस नाही. त्याच्या मधोमध चौकटीची रेघ येत नाही, केबल एकच लागते, आणि चित्रफितीचे संकलन शिकणाऱ्यांना त्याची लांबी उपयोगी पडते. पण ३४ इंच ऐकून दिपून जाऊ नये. ३४४० × १४४० बिंदूंच्या अशा पडद्याची उंची आणि अक्षराची स्वच्छता २७ इंची, २५६० × १४४० बिंदूंच्या पडद्याएवढीच असते, वाढते ती फक्त रुंदी. तो उभा करता येत नाही, आणि बिघडला तर संपूर्ण टेबल बंद पडते. दोनांतला एक बिघडला, तर दुसऱ्यावर काम चालू राहते.

जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक छापतात, त्यांतल्या पुष्कळशा आपल्या कामाच्या नाहीत. सेकंदाला १४४ वेळा बदलणारे चित्र खेळ खेळणाऱ्यांना हवे असते, लेख वाचणाऱ्याला साठ पुरतात. उलट ज्या गोष्टी बारीक अक्षरांत असतात, त्या महत्त्वाच्या. पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसावा, नाहीतर खिडकीचे प्रतिबिंब वाचावे लागते. मागे १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके असावीत, म्हणजे पुढेमागे तो टेबलाला जोडलेल्या हातावर बसविता येतो. जोडणी डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयची असावी. व्हीजीए ही जोडणी १९८७ सालची आहे, तिच्यातून आलेले बारीक अक्षर पुसट होते. आणि पडद्यावर एखादा मेलेला बिंदू निघाला तर विक्रेता तो बदलून देईल काय, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे.

मांडणीत चूक झाली, तर उत्तम मॉनिटरही डोके दुखवतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, अंतर हातभर असावे. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नसावी, बाजूला असावी. पडद्याचा उजेड शेजारच्या कागदाएवढाच ठेवावा. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरच्या एखाद्या वस्तूकडे पाहावे. आपल्या अभ्यासिकेबाहेर झाडे आहेत, त्यांचा उपयोग करावा.

एक आक्षेप मात्र मला मनापासून गंभीर वाटतो. एका प्राध्यापकांनीच तो घेतला. ते म्हणाले, "ज्यांच्याकडे मोबाईलखेरीज दुसरा पडदाच नाही, अशी किती मुले आपल्याकडे आहेत! एकाला दोन पडदे देण्यापेक्षा दोघांना एक एक द्या." सरांचे म्हणणे अगदी खरे आहे. हाताएवढ्या पडद्यावर संपूर्ण प्रबंधिका लिहिणारे सहाध्यायी मी रोज पाहते. संगणकाची जागा आणि दुसरा पडदा यांत निवड करावयाची असेल, तर आधी जागा, यात मला शंका नाही. पण सध्याची योजना केवळ मॉनिटरांची आहे, त्या रकमेतून नवे संगणक येणार नाहीत. आणि दर्शनी भागातल्या वक्र पडद्यांवर जो खर्च व्हावयाचा, त्याचे काय? म्हणून मी असे सुचविते, की अभ्यासिकेतील निम्म्या टेबलांना जोडीचे पडदे द्यावेत. मोडी, भाषांतर, मुद्रितशोधन अशा कामांसाठी ती तासाच्या हिशोबाने मिळावीत. बाकीच्या टेबलांना तसाच एकेक स्वच्छ पडदा द्यावा. जोडीच्या टेबलांवर पहिला हक्क ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांचा असावा. तेथून सुटलेले जुने मॉनिटर टाकून न देता, केवळ ग्रंथांची यादी शोधण्याच्या टेबलावर ठेवावेत, तेथे ते अजून पुष्कळ दिवस चालतील.

शेवटी खरेदी समितीला एक विनंती. कोटेशनांचे कागद पाहून निर्णय करू नका. मराठीच्या एका पानाची फाईल पेनड्राइव्हवर घ्या. त्यात जोडाक्षरे, रफार, अनुस्वार भरपूर असू द्या, आणि मोडी कागदाचे एक छायाचित्रही असू द्या. ती दुकानातल्या मॉनिटरवर बारा पॉइंटात उघडा, हातभर अंतरावर बसा आणि दहा मिनिटे वाचा. मग पडदा उभा करून पुन्हा वाचा, आणि शेजारच्याला बाजूने वाचावयास सांगा. ही परीक्षा घेणाऱ्यांत एक प्राध्यापक, ग्रंथालयातील एक कर्मचारी आणि दोन विद्यार्थी असावेत. त्यांतला एक तरी चष्मेवाला असावा. ज्या पडद्यावर त्या चौघांना 'त्याचे' आणि 'त्यांचे' यांतला फरक पुढे न वाकता दिसेल, तो घ्यावा. मग तो पाहुण्यांच्या नजरेत भरला नाही, तरी माझी काही हरकत नाही.